लघवी झाली का?

पुण्यातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर सकाळी दहाच्या सुमाराला बसलेल्या बायका लांबूनच ओळखू येतात. हातात पाण्याची बाटली, पायावर पाय घट्ट, नजर आतल्या दाराकडे. 'भरपूर पाणी पिऊन या आणि लघवी रोखून धरा,' असं त्यांना बजावलेलं असतं. नंबर लागेपर्यंत ओटीपोट टम्म होतं. तपासणी झाली की आतून आवाज येतो, 'ताई, आता लघवी करून या, परत एकदा बघू.' दोन मिनिटांत ती परत येते, पोटावर पुन्हा तो थंडगार जेल लागतो आणि अहवालाच्या तळाशी एक आकडा उमटतो: लघवी करून आल्यावरही मूत्राशयात उरलेली लघवी, अमुक इतके मिलिलिटर.

या ओळीकडे सहसा कोणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष वरच्या ओळींत, गर्भाशयात गाठ आहे का, बीजकोशावर काही दिसतंय का, याकडे असतं. उरलेली लघवी पन्नास मिलिलिटरच्या आत असेल तर बोलण्यासारखं काही नसतंच. आकडा वारंवार शंभर-दीडशेच्या पुढे जात असेल तर मात्र कोणीतरी थांबून विचारायला हवं. अर्थात हा आकडाही चकवतो. लिटरभर पाणी पिऊन तासभर रोखून धरल्यावर ताणलेलं मूत्राशय नीट आकसत नाही, त्यात बाहेर पुढची बाई ताटकळत असते आणि संडासाची कडी नीट लागत नसते. अशा घाईत कोणाचीही लघवी थोडी मागे राहील. म्हणून जाणकार डॉक्टर एकाच आकड्यावर निदान ठोकत नाहीत. नेहमीसारखी लघवी लागल्यावर, निवांत करून आल्यावर, पुन्हा मोजा म्हणतात.

बाईला लघवी रोखून धरता येते का, याची चर्चा आता बरीच होते. खोकताना-शिंकताना थेंब गळण्यावर लेख येतात, पॅडच्या जाहिराती येतात. उलट तक्रार मात्र कोपऱ्यात राहते. लघवी लागते पण सुरू होत नाही. सुरू झाली तर थांबत थांबत होते, जोर करावा लागतो. उठल्यावर वाटतं, थोडी राहिलीच. दहा मिनिटांनी पुन्हा जावं लागतं. घरात याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली असे उपाय सुरू होतात. तेवढ्याने भागलं नाही तर गल्लीतल्या केमिस्टकडून पाच दिवसांच्या गोळ्या येतात. त्यांनी आराम पडतो, कारण साचून राहिलेल्या लघवीत जंतू खरोखरच वाढलेले असतात. पण लघवी साचत का होती, हे तसंच राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जळजळ, पुन्हा गोळ्या. कित्येक बायकांच्या फायलीवर 'वारंवार जंतुसंसर्ग' एवढाच शेरा वर्षानुवर्षं असतो.

मूत्राशयाला आपण पिशवी म्हणतो आणि पिशवी उपडी केली की रिकामी होते, असं गृहीत धरतो. प्रत्यक्षात रिकामं होणं ही मज्जासंस्थेतल्या गुंतागुंतीच्या कामांपैकी एक आहे. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण एक-दोन मिलिलिटर लघवी खाली सोडत राहतात. मूत्राशय भरत जातं तसं त्याचा स्नायू सैल राहून जागा करून देतो आणि तोंडाशी असलेला वर्तुळाकार स्नायू मिटलेला राहतो. दीडशे-दोनशे मिलिलिटर जमल्यावर पहिली चाहूल लागते; चारशे-पाचशेला उठावंच लागतं. आता उलटा क्रम हवा: मूत्राशय आकसायचं आणि तोंड उघडायचं, दोन्ही एकाच वेळी. या दोन कामांचा मेळ मेंदूच्या देठातलं एक छोटं केंद्र घालतं. इंग्रज शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. या केंद्राला हुकूम मात्र वरून, मेंदूच्या पुढच्या भागातून यावा लागतो. जागा सुरक्षित आहे का, दार लागलंय का, कोणी ऐकतंय का, हा सगळा विचार तिथे होतो.

या हुकमानंतर पहिली गोष्ट घडते ती आकसण्याची नाही, सैल होण्याची. आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात, मूत्रमार्गाचं तोंड उघडतं, मग मूत्राशय आकसतं. म्हणजे बिघाड दोन जागी होऊ शकतो: आकसणं कमजोर पडतं किंवा दार उघडत नाही. निरोगी बाईच्या मूत्रमार्गाची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाच्या साधारण वीस. त्यामुळे बाईला फारसा दाब लागतच नाही. तळ नुसता सैल सोडला तरी अनेकींची लघवी भळभळ होऊन जाते. आणि म्हणूनच तळ सैल सुटला नाही की सगळं अडतं.

वैद्यकाच्या डोक्यात मात्र लघवी तुंबलेला माणूस म्हणजे प्रोस्टेट वाढलेले आजोबा. त्याला आधार आहे. कोपनहेगनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लघवी पूर्ण तुंबण्याचं प्रमाण बायकांत वर्षाला लाखात सुमारे सात निघालं. एका बाईमागे तेरा पुरुष. पण ही मोजणी लघवी एकदम बंद होऊन रुग्णालय गाठावं लागलेल्यांची होती. दर वेळी पाव लिटर मागे ठेवून संसार करणाऱ्या बाया त्यात येत नाहीत. त्यांतल्या काहींचं मूत्राशय इतकं भरलेलं राहतं की आखूड मार्गातून लघवी आपोआप झिरपू लागते. बाई सांगते, 'डॉक्टर, लघवी गळते.' डॉक्टर मूत्राशय शांत करणारी गोळी देतात, आणि आधीच थकलेला स्नायू आणखी लुळा पडतो. उरलेली लघवी आधी मोजली असती तर ही चूक टळली असती.

*

मराठी आईने मुलीला दिलेल्या शिकवणुकींत एक छापून न आलेली शिकवण आहे: बाहेरच्या कमोडवर बसायचं नाही, वरच्या वर करायची. एक्सप्रेस-वेवरचा फूड मॉल असो, फर्ग्युसन रस्त्यावरचं हॉटेल असो की बस स्थानक, बायका गुडघे अर्धवट वाकवून, मांड्या ताणून, सीटपासून चार बोटं अधांतरी राहतात. ब्रिटनमध्ये याचा अभ्यास झाला आणि १९९१ मध्ये तिथल्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. स्त्रीरोग विभागात आलेल्या बायकांपैकी ८५ टक्के सार्वजनिक संडासात अशाच अधांतरी करत होत्या. त्या अवस्थेत लघवीचा वेग सरासरी २१ टक्क्यांनी घटला आणि मागे राहिलेली लघवी १४९ टक्क्यांनी वाढली. कारण उघड आहे. मांड्या आणि नितंब शरीराचा भार पेलत असताना ओटीपोटाचा तळ सैल सुटणार कसा?

गंमत अशी की पुण्याच्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न नव्हता, दुसरे होते. मागल्या अंगणातल्या सामायिक संडासांपुढची रांग, हातात टमरेल, कडीच्या जागी सुतळी, रात्री मिणमिणता दिवा. पण टाचा टेकवून पूर्ण उकिडवं बसल्यावर तळ आपसूक सैल पडतो. फ्लॅटमध्ये कमोड आला, तोही ठीकच. नीट टेकून बसलं की मूत्राशय तितकंच छान रिकामं होतं. अडचण या दोहोंच्या मधल्या अवस्थेची आहे, आणि शहरातली बाई घराबाहेर असते तेव्हा बहुधा त्याच अवस्थेत असते.

किंवा ती जातच नाही. सकाळी पाणी कमी प्यायचं, निघताना लागलेली नसली तरी 'करून घ्यायची' आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कळ काढायची, हे वेळापत्रक लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींपासून वर्गावर सलग तास घेणाऱ्या शिक्षिकांपर्यंत सगळ्यांचं सारखं असतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ पासून उभी आहे. तिच्यातल्या बहुसंख्य सभासद बायका. सकाळभर दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बाईला त्या दारांपैकी कुठलं दार लघवीसाठी उघडतं? धुण्याभांड्याच्या मावशींना घरातला संडास धुवायला असतो, वापरायला नसतो, हेही मध्यमवर्गीय पुण्याचं उघड गुपित आहे. आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत कमरेला ढोल कसून तास न् तास वाजवणाऱ्या पथकांतल्या मुली! टिळक चौकापर्यंतची ती वाट सरकता सरत नाही, दोन्ही बाजूंना गर्दीच्या भिंती, आणि ओटीपोटावर ढोलाचा दाब. त्यांच्या जोशाची छायाचित्रं दरवर्षी पहिल्या पानावर येतात. त्या दिवशी त्यांनी पाणी किती प्यायलं, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न कोर्टात नेला तो पुण्यातल्याच एका मासिकाने. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी'ने रस्त्यावरच्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्रतिवादींत पुणे महापालिका होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले आणि हा विषय घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ हेच मागत होती. पुण्यात २०१६ पासून भंगारात निघालेल्या बसगाड्यांची 'ती' स्वच्छतागृहं झाली. तेव्हा पाच रुपयांत कमोड, वॉश बेसिन आणि गाडीतच बसलेली एक बाई मिळे, म्हणजे दाराबाहेर कोण उभं आहे याची धास्ती नव्हती. मेंदूच्या पुढच्या भागाला हवी असलेली परवानगी हीच.

रोखून धरल्याने मूत्राशय कायमचं बिघडतं का? एका मिरवणुकीने नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने मात्र दोन गोष्टी होऊ शकतात. वारंवार अति ताणलं गेलेलं मूत्राशय सैलावतं, त्याची जाणीव बोथट होते. आणि दिवसभर आवळून धरलेला तळ सोडायची वेळ आली तरी सुटत नाही. मग बाई जोर करते, जोराने तळ आणखी आवळला जातो. आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय न अडवण्याच्या वेगांवर आहे. त्याने असे तेरा वेग सांगितले आणि यादीत पहिला मूत्राचा ठेवला. तो अडवला तर ओटीपोटात दुखणं, कष्टाने लघवी होणं, पोट फुगणं हे परिणाम आणि शेक, कोमट पाण्यात बसणं हे उपाय दिले. सुश्रुताने मूत्र अडण्याचे बारा प्रकार वर्णिले. त्यांतला 'मूत्रातीत' वाचताना आजची कार्यालयीन बाई समोर उभी राहते: फार वेळ रोखून धरल्यावर करायला बसावं तर येत नाही, आली तर हळूहळू येते. कोमट पाण्यात बसण्याचा उपाय आजचे फिजिओथेरपिस्टही सांगतात, ओटीपोटाचा तळ सैल पडतो म्हणून.

*

पण सगळा दोष संडासांवर ढकलून चालणार नाही. घरचं स्वच्छ न्हाणीघर, भरपूर वेळ, तरीही लघवी होत नाही अशा बायका असतात, आणि त्यांच्याशी वैद्यकाने फारसं बरं वागलेलं नाही. विसाव्या शतकात बराच काळ तरुण बाईची लघवी तुंबली आणि तपासणीत गाठ, खडा, मणक्याचा आजार असं काही सापडलं नाही, की निदान ठरलेलं असे: उन्माद, मनाचे खेळ. लग्न, सासर, परीक्षा, काही ना काही कारण शोधून काढलं जाई.

लंडनमधल्या डॉक्टर क्लेअर फाउलर यांनी हे निदान मुकाट्याने स्वीकारलं नाही. अशा तरुण स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या वर्तुळाकार स्नायूत बारीक सुई घालून त्यांनी त्यातली विद्युत हालचाल ऐकली. सैल पडायला हवा तिथे तो स्नायू अखंड कुरकुरत होता. ध्वनिक्षेपकावर येणारा त्याचा चढउताराचा आवाज देवमाशांच्या पाण्याखालच्या हाकांसारखा लागतो, असं वर्णन पुढे रूढ झालं. १९८८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. यांतल्या अनेकींच्या बीजकोशांवर बारीक गाठी असल्याचंही नोंदवलं. आज त्याला फाउलर सिंड्रोम म्हणतात. या मुली साधारण विशी-तिशीतल्या. मूत्राशयात लिटरभर लघवी साचलेली असते आणि तरी कळ येत नाही. एखादं बाळंतपण, किरकोळ शस्त्रक्रिया, वेदनाशामक औषधांचा एखादा कोर्स एवढं निमित्त पुरतं. त्रिकास्थीतल्या नसेजवळ तार बसवून तिला मंद विद्युत स्पंदनं देण्याचा उपाय यातल्या बऱ्याच जणींना लागू पडतो. अमेरिकेत लघवी तुंबण्यासाठी त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. भारतात तो करता येतो, पण खर्च मध्यमवर्गालाही झेपण्यातला नाही.

मनाचा लघवीशी संबंध नाही, असं मात्र नव्हे. दुसऱ्यांच्या सान्निध्यात लघवी न होणं ही ओळखीची, जगभर आढळणारी तक्रार आहे. जपानमध्ये बायका आपला आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून सतत पाणी सोडत राहत. पाण्याची ती नासाडी थांबवायला टोटो कंपनीने १९८८ मध्ये पाण्याचा नुसता आवाज करणारं यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडची बाई बादलीत नळ सोडते. फरक एवढाच, की लाजेने न होणारी लघवी एकांतात होते. एकांतातही होत नसेल तर 'टेन्शन घेऊ नका' हे उत्तर पुरत नाही.

प्रसूतिगृहात हा विषय निदान उघडपणे बोलला जातो. बाळंतिणीला नर्स दर थोड्या वेळाने विचारते, 'लघवी झाली का?' हा औपचारिक प्रश्न नसतो. लांबलेल्या कळा, चिमट्याने केलेली प्रसूती, पाठीतलं भुलीचं इंजेक्शन, टाके आणि सूज, या सगळ्यांनी मूत्राशय बधिर झालेलं असतं, आणि सलाइनमुळे ते भराभर भरत असतं. प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यानंतर सहा तासांत नीट लघवी झाली नाही तर वाट न बघता नळी घालून मोकळी करावी, असा दंडक आहे. थोडी थोडी होतेय म्हणजे झालीच, हा समज इथे महागात पडतो. पूर्ण भरलेल्या मूत्राशयातूनही थोडी थोडी येतच असते. एकदाच प्रमाणाबाहेर ताणलं गेलेलं मूत्राशय पूर्ववत व्हायला आठवडे लागू शकतात. गरोदरपणात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागे झुकलेलं गर्भाशय ओटीपोटात अडकून लघवी बंद पडण्याचा प्रसंग विरळा, पण तो ओळखला तर इलाज सोपा असतो.

बाळंतपणांचं देणं पुढे पन्नाशी-साठीत फेडावं लागतं. अंग बाहेर येणं, मायांग बाहेर येणं असं ज्याला म्हणतात, त्यात मूत्राशय खाली लोंबतं आणि मूत्रमार्गाला घडी पडते. मग काकू बोटाने अंग आत ढकलून लघवी करायला शिकतात. स्वतःच शोधलेली ही युक्ती त्या मुलीलाही सांगत नाहीत. डॉक्टरने नेमकं विचारलं तर चमकून हो म्हणतात. या दुखण्याच्या शस्त्रक्रियेत मराठी मुलखाचं मोठं काम आहे. गोव्यातल्या शिरोड्याचे, १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे जगभर माहीत आहेत. गर्भाशय न काढता उतरलेलं अंग पट्टीने वर बांधण्याची त्यांची शस्त्रक्रियाही तितकीच महत्त्वाची होती. तरुण बाईचं अंग उतरलं तर गर्भाशय काढून टाकणं एवढाच पर्याय नको, हा त्यामागचा विचार. गळणाऱ्या लघवीसाठी आज बसवल्या जाणाऱ्या पट्ट्यांचा उलटा धोकाही असतो: पट्टी जास्त ताणली गेली तर गळणं थांबतं आणि अडणं सुरू होतं.

मधुमेहाचं दुखणं याहून चोरपावलांनी येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला आणि भारतीय बाळ वजनाने कमी असूनही चरबीने जड असतं, पुढे त्याला मधुमेहाचा धोका असतो, हे जगाला दाखवलं. त्या मधुमेहाची झळ डोळे, पाय, मूत्रपिंडांना बसते, हे बहुतेकांना कळतं. मूत्राशयाच्या नसांनाही बसते, हे फार थोड्यांना. जाणीवच मंदावल्यामुळे बाई दिवसातून दोन-तीनदाच जाते आणि त्याचं कौतुक वाटून घेते. त्यात सर्दीची गोळी, झोपेसाठी दिलेलं जुन्या धाटणीचं नैराश्यावरचं औषध किंवा गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू झालं, की एखाद्या रात्री लघवी पुरती बंद होते. हे अचानक घडलं, आणि जोडीला कंबरदुखी, पायांत मुंग्या, बसायच्या जागेला बधिरपणा असेल तर मूत्रतज्ज्ञाची वेळ घेत बसू नये. मणक्यातल्या नसा दबल्या असण्याची शक्यता असते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

*

इतकी कारणं, इतके उपाय, मग बाई दवाखान्यात येते ती चार-पाच वर्षांनी का? १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असं आग्रहाने सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या कॉलेजला लिहिलेल्या अर्जातही हेच कारण होतं: पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींना औषधोपचार मिळावा. शंभर वर्षांनी, जानेवारी १९८९ मध्ये, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. आज पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ बायकांची वाण नाही. पण लघवीसाठी पाठवलं जातं ते मूत्रतज्ज्ञाकडे, आणि तिथल्या प्रतीक्षालयात अजूनही बहुतेक खुर्च्यांवर आजोबा असतात.

तिथे तपासणीची सुरुवात यंत्राने होत नाही, वहीने होते. तीन दिवस किती प्यायलं, किती वाजता लघवी केली, मापाच्या भांड्यात किती भरली, हे लिहून आणायचं. अनेकींच्या तक्रारीचा निम्मा उलगडा या वहीतच होतो. मग खुर्चीवजा कमोडवर बसून लघवीचा वेग मोजणं, आणि लगेच सोनोग्राफीने उरलेली पाहणं. गरज पडली तरच पुढच्या, नळी घालून करायच्या तपासण्या. उपायांतले पहिले अगदी साधे: कमोडवर पूर्ण टेकून, पाय जमिनीवर किंवा छोट्या पाटावर, किंचित पुढे झुकून बसणं. जोर न करणं. झाल्यावर मिनिटभर थांबून, हवं तर उठून परत बसून, पुन्हा एकदा करणं. बद्धकोष्ठ हटवणं, कारण भरलेलं मोठं आतडं समोरच्या मूत्राशयाला दाबतं.

व्यायामाच्या बाबतीत मात्र गफलत फार होते. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेले ओटीपोटाचा तळ आवळण्याचे व्यायाम आता मोबाइलवर सर्रास शिकवले जातात. लघवी गळत असेल तर ते उत्तम. जिचा तळ आधीच सुटत नाही तिला तो आणखी आवळायला शिकवून काय साधणार? तिला उलटं शिकायचं असतं: पोटात खोल श्वास घेत तळ खाली सोडणं. हे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट शहरात आहेत. त्यांच्याकडे पाठवायला हवं हे सुचणारे डॉक्टर त्या मानाने कमी.

यातल्या कशानेच मूत्राशय रिकामं झालं नाही तर उरते ती नळी, आणि इथे बायका सर्वांत जास्त घाबरतात. कायमची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी त्यांच्या डोळ्यांसमोर येते. ती वेळ बहुतेकींवर येत नाही. मिशिगन विद्यापीठातले मूत्रतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये एक विचार मांडला, ज्याने त्या काळचे शल्यविशारद दचकले: रुग्णाने स्वतः, दिवसातून काही वेळा, पातळ नळी घालून लघवी काढावी आणि नळी काढून ठेवावी, ती निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ धुतलेली पुरे. त्यांचं म्हणणं असं, की जंतू आत गेल्याने जितकं बिघडतं त्याहून अधिक मूत्राशय ताणलेलं राहिल्याने बिघडतं. ताणाने त्याचा रक्तपुरवठा आटतो आणि मग जंतूंचं फावतं. वेळेवर रिकामं करत राहिलं तर शरीर उरलेलं निस्तरतं. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत मज्जासंस्थेच्या आजाराने लघवी अडलेली एक तिशीची तरुणी होती. आज जगभर हजारो स्त्रिया या पद्धतीने नोकरी करतात, प्रवास करतात. मार्ग आखूड असल्याने बाईला ते पुरुषापेक्षा सोपं जातं. सुरुवातीला आरसा लागतो, पुढे बोटांच्या अंदाजाने जमतं.

दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालणाऱ्या पुण्यातल्या बाईला घराबाहेर लागतं ते एवढं: आतून लागणारी कडी, उजेड, पिशवी अडकवायला हूक, नळी ठेवायला कोरडी फळी, साबण, आतल्या आत वाहतं पाणी आणि झाकणाची कचरापेटी. कमोडवर न टेकता तिचं भागत नाही. म्हणून ती निघण्यापूर्वी रस्त्याचा नाही, जागांचा हिशेब मांडते: औंधला मॉल, डेक्कनला ओळखीचं हॉटेल, स्वारगेटला काही नाही. नळीतून एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरहून जास्त लघवी निघू लागली तर डॉक्टर दोन वेळांमधलं अंतर कमी करायला सांगतात, म्हणजे तिला त्या दिवसात अशी आणखी एक जागा शोधावी लागते.